चौथ्या कॉर्डच्या आधी

आमच्या मुलीचा आवाज माझ्याकडे हवा तेवढा आहे. माझ्या फोनमध्ये आहे, ह्यांच्या फोनमध्ये आहे, तिच्या मैत्रिणींच्या लग्नांतल्या व्हिडिओंमध्ये आहे. "अव्वा, मला उशीर होतोय, तुमी जेवून घ्या," हे तिचं वाक्य मी आजही केव्हाही ऐकू शकते. भेटायला आलेल्या बायका मला तेच सांगायच्या, की आताच्या काळात एक बरं असतं, माणूस गेलं तरी आवाज मागं राहतो. मी मान डोलवायचे आणि चहा पुढं करायचे. हुज्जत घालण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. मला तिचं बोलणं नको होतं, तिचं वाजवणं हवं होतं, आणि नेमकं तेवढंच कुठं साठवलेलं नव्हतं.

रेकॉर्ड करून ठेव म्हणून मी तिला सांगितलं नव्हतं असं नाही. "जमल्यावर करते की," म्हणाली होती. अर्धवट काही कुणाला दाखवायची तिची तयारी नसायची. पुरणपोळी तव्यावर फाटली तर तीसुद्धा तिथंच उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकायची.

मी शुक्रवार पेठेत राहते आणि गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. पेटी माहेरची, अक्कलकोटकडची, वडिलांनी शिकवली. शिकवली म्हणजे काय, सूर कानात बसवायचा आणि कानात बसलेला बोटातून काढायचा, एवढंच. मंडळात कुणी बेसूर गायलं तर भजन संपायची वाटसुद्धा मी बघत नाही, तिथल्या तिथं भाता बंद करते. माझ्या पाठीमागं त्यावरून बरंच बोललं जातं आणि ते सगळं खरं असतं.

मुलीला माझ्या पेटीचं काडीचं आकर्षण नव्हतं. ती चिंचोळी एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात, माल तपासायच्या विभागात लागली, आणि थोड्या दिवसांनी घरात एक कीबोर्ड आला. फोनवर बघून बघून ती शिकायला लागली. शिकायचं काय, तर जाझ पियानो. सोलापुरात जाझ. मी विचारलं, बाई गं, हे तू वाजवणार कुठं? "कुटं न्हाई. हितंच," ती म्हणाली.

कामावरून आली की तोंड धुऊन ती बाहेरच्या खोलीत वाजवायला बसायची. मी आत भाकऱ्या करायचे. आमच्या ह्यांचं भुसाराचं दुकान आहे. ते त्या वेळी दुकान नोकरावर टाकून चहाला यायचे आणि स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून बसायचे. दोन खोल्यांच्या मध्ये फक्त पडदा. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात तर ती एकच तुकडा वाजवत होती. चार कॉर्ड्स. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि परत पहिली. घाण्याचा बैल तरी कधी उभा राहतो, हिचं मात्र चालूच.

त्यातले वरचे सूर मला लख्ख ऐकू यायचे: नी, मग कोमल नी, मग ध, मग कोमल ध, आणि खाली प. दोन निषाद आणि दोन धैवत, एकामागून एक, जिना उतरल्यासारखे. आमच्या शिकवणुकीत हे चालत नाही. कुठलाही एक नी धरावा, एक ध धरावा आणि माणसासारखं गावं. मी आतून ओरडायचे, "अगं, एकच नी ठेव की. दोन्ही कशाला?"

"अव्वा, हा राग न्हाई गं. ह्या कॉर्ड्स हायत. तीन-चार सूर एकदम दाबायचे असतात."

आणि चौथ्या कॉर्डच्या आधी ती अडायची. दर वेळी. पहिल्या तीन ओळीनं यायच्या आणि मग एकदम काही नाही. बोटं चाचपडतायत हे मला आत बसून कळायचं. मग जिभेनं "च्" असा आवाज करायची, स्वतःवर चिडल्याचा, आणि मग चौथी कॉर्ड यायची. त्या मधल्या वेळात माझा भाकरी थापणारा हात थांबलेला असायचा. मी ठरवून थांबवत नव्हते, तो आपोआप थांबायचा. चौथी कॉर्ड आली की हे कपातून तोंड बाजूला करून म्हणायचे, "आलं." एवढंच. आमच्या घरातलं संध्याकाळचं बोलणं म्हणजे जवळजवळ हेच होतं, आणि ते पुरत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती गेली. चिंचोळीहून स्कूटरवर येत होती, हायवेवर मागून टँकर आला. आमच्यात पुरतात, त्यामुळे मातीत ठेवताना तिला मी शेवटचं पाहिलं. ह्याहून जास्त मी त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही. ज्यांना तपशील हवे होते त्यांनी तेव्हाच विचारून घेतले, तोंडावर, अगदी बारीकसारीक.

त्यानंतर ह्यांनी चहाला घरी येणं सोडलं. दुकान बंद करूनच यायचे, जेवायचे, झोपायचे. रडले नाहीत. बाहेरच्या खोलीतून जाताना कीबोर्डच्या बाजूचं तोंड फिरवून जायचे. मी त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती.

मला वाटायचं, चादर असली तरी काय, माझ्या कानात ते आहे. आणि होतंच. तवा ठेवला, पीठ मळलं, की आपोआप सुरू व्हायचं, त्या अडण्यासकट. मी त्या आधारावर भाकऱ्या करत होते, नाहीतर कुणासाठी करायच्या होत्या. पण एका संध्याकाळी नी आला, कोमल नी आला, आणि तिसरा सूर आला तो आमच्या मंडळातल्या एका आरतीतला. मी पुन्हा पहिल्यापासून आठवलं. पुन्हा तेच. ती गेल्याचा फोन आला तेव्हा काय झालंय हे कळायलाच वेळ लागला होता. हे मात्र मला त्या क्षणी कळलं. माझ्या कानातून ते पुसलं जाणार होतं, आणि माझ्या कानाखेरीज ते कुठंच नव्हतं. मी गॅस बंद केला, हात तसेच पिठाचे, जाऊन चादर ओढून काढली.

पेटीवाल्या माणसाला पियानो सोपा जाईल असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक आहे. पेटीला उजवा हात वाजवतो आणि डावा हात भाता मारतो. मी कीबोर्डसमोर बसले आणि माझा डावा हात उचलला जाऊन हवेत भाता मारायला लागला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला. उजव्या हाताच्या एका बोटानं सूर शोधले. ते सापडले, का नाही सापडणार, जन्म त्यात गेला. पण नुसते सूर वाजवले की त्यात ती नव्हती. चार सुरांचा जिना होता, रिकामा.

मग मी माझं शहाणपण लावलं, आणि इथंच माझी फसगत झाली. बारा सुरांतला कुठलाही सूर घ्यायची मुभा आमच्याकडे एकाच ठिकाणी असते, भैरवीत. दोन निषाद, दोन धैवत, सगळं खपून जातं. म्हणजे पोरगी तिच्या नकळत भैरवीच वाजवत होती, असं मी धरून चालले. पावसाळा सगळा मी ते भैरवीत शोधलं. खाली कोमल रे लावून बघितला, कोमल ग लावून बघितला. आणि दर वेळी त्याचं भजन व्हायचं. भैरवी आमच्याकडे शेवटी गातात. ती सुरू झाली की बायका पदर सावरतात, पिशव्या शोधतात, चपला कुठं काढल्या ते बघतात. माझ्या बोटांतून तेच निघत होतं, घरी जायची वेळ झाल्याचं. मला तिचा इतका राग आला की मी मोठ्यानं म्हणाले, असलं कसलं वाजवून गेलीस गं? रिकाम्या खोलीत.

पेटी दुरुस्त करून देणाऱ्यानं मला कुंभारीतल्या एका सरांचा पत्ता सांगितला. तेलुगू माणूस, आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर कामाला होते. सर स्वतः मुंबईला, गोव्याला हॉटेलांत आणि पुढं जहाजांवर पियानो वाजवत हिंडले आणि लॉकडाऊनमध्ये परत आले ते आलेच. आता विडी कामगारांच्या घरकुलांतल्या एका खोलीत मुलांना शिकवतात. मी बसनं गेले. खोलीत लांबलचक पियानो, त्याच्यापुढं बसायला जेमतेम जागा, आणि दाराबाहेर ओट्यावर शेजारच्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या.

"मला शिकायचं नाही," मी आल्या आल्या सांगितलं. "मला एक तुकडा आहे, तो काय आहे तेवढं सांगा." आणि एका बोटानं ते सूर वाजवून दाखवले.

माझ्या बाजूनं वाकून सरांनी दोन्ही हात ठेवले आणि तेच सूर वर ठेवून खालून कॉर्ड्स भरल्या. ते तेच होतं. तिचं नव्हतं, पण ती वाजवत होती ते तेच. मला रडू फुटलं, आणि परक्या माणसापुढं रडू फुटलं म्हणून रागही आला. मी उठून बाहेर ओट्यावर गेले. एका बाईनं सूप मांडीवरून न हलवता सरकून जागा केली. दुसरीनं पाणी आणून दिलं. कुणी काही विचारलं नाही आणि त्यांचे हात चालूच राहिले.

आत गेल्यावर सरांनी विचारलं, "अक्का, हे कोण वाजवायचं?"

"मुलगी."

"कुटं असती?"

"नाही ती."

मग मी त्यांना भैरवीचं सांगितलं. ते हसले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"भैरवी न्हाय अक्का हे. भैरवी म्हंजे संपलं, आता घरी जावा. ह्याचं उलटं हाय. ह्याला टर्नअराउंड म्हणतेत." त्यांनी समजावून सांगितलं. जाझमध्ये गाणं शेवटच्या ओळीला सा वर पोचतं, पण ओळ संपली तरी थोडी जागा शिल्लक राहते. आपण काय करू? सा वर निवांत बसू, पोचलो म्हणू. तिथं बसायचं नसतं. त्या उरलेल्या जागेत सा वरून ध, ध वरून रे, रे वरून प, असा एक वळसा घालायचा, आणि प वरची ती चौथी कॉर्ड अशी असते की तिच्यावर थांबताच येत नाही. ती ढकलत ढकलत पुन्हा गाण्याच्या सुरुवातीला नेते. "बस स्टँडात आली, पण इंजिन बंद न्हाय करायचं," सर म्हणाले. "वळून परत त्याच रूटला."

मी विचारलं, मग थांबतात कधी?

"ज्याला थांबायचं त्यानं हे वाजवायचंच न्हाय की."

पट्टीचं त्यांनी विचारलं, म्हणजे कुठल्या पट्टीला सा धरून ती वाजवायची. मी म्हणाले, काळी चार. आमचं मंडळ काळी चारमध्ये गातं, चौथ्या काळ्या पट्टीला सा, आणि माझ्या कानात तिचं वाजवणंही तिथंच होतं. सरांनी मान हलवली. नवीन शिकणारं माणूस हे पांढरी एकमध्येच वाजवणार, म्हणाले. कीबोर्डला पट्टी बदलायचं एक बटण असतं, ते तिनं दाबून ठेवलं असेल, तुमच्या पेटीला जुळवून. घरी येऊन बघितलं तर खरंच तसं होतं, छोट्या पडद्यावर आकडा दिसत होता. तिनं ते माझ्यासाठी केलं असं मी मानून घेतलेलं नाही. बटण हात लागूनही दाबलं जातं. माझ्यासारखीनं असल्या गोष्टींत जास्त शिरू नये.

मी सरांशी सौदा करायचा प्रयत्न केला, की एवढाच तुकडा शिकवा, बाकी मला नको. "तेवढाच येत न्हाय," ते म्हणाले. मग मी जायला लागले. मंडळात कुणकुण लागलीच. ह्या वयात, आणि वर्ष पुरतं झालेलं नसताना, बाई हॉटेलातली वाजंत्री शिकतेय. मी भाता बंद केला आणि विचारलं, तुमच्यापैकी कुणाला काही म्हणायचंय का? कुणाला नव्हतं.

डाव्या हाताला शिकवणं हे हट्टी म्हशीला पाण्यातून बाहेर काढण्यासारखं होतं. पण हळूहळू तो खाली सा, ध, रे, प धरायला लागला आणि उजवा वरचे सूर. पहिली कॉर्ड बसली, दुसरी बसली, तिसरी तर सोपीच. चौथी येईना. तिच्यात आत म आणि नी दाबून वर कोमल ध घ्यायचा असतो आणि माझी करंगळी तिथं पोचायचीच नाही.

एका संध्याकाळी घरी वाजवत होते. तीन कॉर्ड्स ओळीनं आल्या, आणि मग मी अडले. बोटं चाचपडली. माझ्याच तोंडून "च्" असा आवाज निघाला. आणि चौथी कॉर्ड आली.

मी हलले नाही. खोलीत ती होती. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, आणि मला तसं काही म्हणायचंही नाही. पण जे मी इतके दिवस शोधत होते ते सुरांत नव्हतं, कॉर्ड्समध्येही नव्हतं. ते त्या अडण्यात होतं, आणि मला ते येत नसल्यामुळं ते मला मिळालं होतं. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा अडले. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

दोन-चार दिवसांनी हे अवेळी घरी आले. चहा टाक म्हणाले. मी चहा दिला आणि बाहेर येऊन वाजवायला बसले, कारण नाही बसले असते तर आम्हाला एकमेकांकडं बघत राहावं लागलं असतं. ते स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. तीन कॉर्ड्स, मग काही नाही, मग चौथी. आतून आवाज आला नाही. पण दुसऱ्या दिवशीही ते आले, तिसऱ्या दिवशीही. आणि त्या आठवड्यात कधीतरी चौथी कॉर्ड आल्यावर पडद्यामागून ते म्हणाले, "आलं."

ते दिवस चांगले होते. पोटची पोर मातीत असताना आईबापांनी असं म्हणू नये, पण आम्ही सुखात होतो. संध्याकाळची वाट बघत होतो. हे दुकानातून येताना गजरा आणायला लागले, जो त्यांनी आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातही आणला नव्हता. ह्या सगळ्याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. बोललो असतो तर ते मोडलं असतं, हे दोघांनाही कळत होतं.

सर मात्र तेवढ्यावर खूष नव्हते. त्यांनी ठेका मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक लावली आणि सांगितलं, आता ठेक्यात. चुकलं तर चुकू दे, पण थांबायचं न्हाय. मी तिथं थांबले. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा थांबले.

"अक्का, थांबताय का तुमी?"

"ती थांबायची."

सरांनी टिकटिक बंद केली. "तिला येत नव्हतं म्हणून थांबायची ती," ते म्हणाले. आवाज चढवून नाही, हळूच. "थांबायचं म्हणून न्हाय. अजून थोडं दिवस मिळालं असतं तर कशाला थांबली असती? रोज संध्याकाळी कशासाठी बसत होती मग?"

मला त्यांचा अतोनात राग आला. बसमध्ये बसून शुक्रवार पेठेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना फाडून खात होते. पण राग ओसरला तरी ते बोलणं जाईना. खरंच होतं ते. ती काही अडण्याचा रियाज करत नव्हती. तिला ती कॉर्ड हवी होती. थकून भागून येऊन, जेवायच्या आधी, ती त्या एका कॉर्डच्या मागं हात धुऊन लागली होती आणि ती तिला न अडता कधी मिळाली नाही. मी तिची आई, आणि मी तिचं न जमणं तेवढं उचलून कुरवाळत बसले होते. मला वाटलं, हे आपण पुरं करावं. तिच्यासाठी. जमल्यावर करते म्हणाली होती, तर जमवून दाखवावं.

मग मी बसले. मी एकदा बसले की काय होतं ते आमच्या मंडळाला विचारा. सकाळी ह्यांचा डबा झाला की बसायचे, दुपारी भांडी झाली की बसायचे. सरांनी बटण वापरायची बंदी केली आणि सगळ्या बारा पट्ट्यांत तोच वळसा घालायला लावला. एका पट्टीत येतं म्हणजे येत न्हाय, म्हणायचे. संध्याकाळी हे असताना मी जुन्या पद्धतीनंच हळू वाजवायचे आणि अडायचे. म्हणजे आधी आपोआप अडायचे. मग मला आठवण ठेवून अडावं लागायला लागलं. मी तिकडं लक्ष दिलं नाही. करंगळी आता बिनबोभाट कोमल ध वर जाऊन पडत होती.

पुढच्या वर्षी दसरा-दिवाळी होऊन गेल्यावर एकदा मी सरांसमोर बाराही पट्ट्यांत न थांबता वाजवलं. एका पट्टीतून दुसरीत, वळसा घालून पुढं, वळसा घालून पुढं. बाहेरच्या बायकांनी विड्या वळायच्या थांबवल्या असतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी काही थांबवल्या नव्हत्या. सर खूष झाले. "आता हे तुमचं झालं अक्का," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी ह्यांना काही न सांगता वाजवायला बसले. मला त्यांना दाखवायचं होतं, की बघा, जमलं तिला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पहिली. परत. परत. टिकटिक नसतानाही बोटं ठेक्यात चालली होती आणि मी वाट बघत होते, की हे आतून आता म्हणतील. ते काही म्हणेनात. मी तसंच चालू ठेवलं. मग पडदा हलला आणि ते दारात येऊन उभे राहिले. त्या खोलीत ते माझ्यासमोर उभे राहण्याची ती गेल्यापासूनची पहिलीच वेळ होती.

"आज थांबली न्हाईस," ते म्हणाले.

"आलं की आता मला."

ते माझ्या हातांकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रडायला लागले, उभ्या उभ्या, दाराच्या चौकटीला धरून, एवढ्या दिवसांचं. मी माझ्या नवऱ्याला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. "थांबा, थांबा," मी म्हणाले, आणि घाईनं पुन्हा पहिली कॉर्ड धरली, दुसरी, तिसरी, आणि थांबले. जिभेनं "च्" केलं. मग चौथी.

"साकु," ते म्हणाले. म्हणजे पुरे. आमच्यात घरात कानडीच निघते तोंडातून, जीव कासावीस झाला की. "तसं नको करू."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा दुकान बंद करूनच घरी यायला लागले.

मी अजून बसते. दुपारी, घरात कुणी नसताना. डोळे मिटून बघितलं, करंगळी कापडानं बांधून बघितली, कीबोर्डकडं महिनाभर फिरकायचं नाही असं ठरवूनही बघितलं. तीन कॉर्ड्सनंतर मी थांबू शकते. वाटेल तितका वेळ थांबू शकते. पण मी थांबलेली असते तेव्हा नुसती थांबलेली असते. ती त्या वेळात कॉर्ड शोधत असायची. मला ती सापडलेली आहे, आणि आता काही केल्या ती हरवत नाही.